उघडू नका

हिराजीदादाचा जेवणाचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला तसाच लटकत होता. त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कडूकाका उठले, त्यांनी डबा काढला, नळाखाली घासून स्वच्छ केला आणि माझ्या हातात दिला.

"बाय, हा हिराजीच्या घरी, रंजनाला नेऊन दे. आत काय उरलं होतं म्हणून विचारलं तर सांगू नकोस."

"काय उरलं होतं?"

"सगळंच. जेवायला बसायच्या आधी एवढं एक काम उरकतो म्हणाला होता."

ते एवढं एक काम म्हणजे एका रिकाम्या कंटेनरचा कॉम्प्रेसर खोलणं. उरणच्या अलीकडे, खाडीला लागून असलेल्या आमच्या यार्डात थंड कंटेनर दुरुस्तीला यायचे. लोखंडी खोलीएवढा फ्रिज म्हणा ना. नाशिककडची द्राक्षं त्यात भरायची, यार्डात वीज लावून गार ठेवायची आणि मग बंदरावर रवाना करायची. हिराजीदादाने पान्याने नट सैल केला मात्र, एक पांढरा जाळ उठला आणि पाठोपाठ असा आवाज झाला की खारफुटीतले सगळे बगळे एकदम उडाले. मी दुसऱ्या रांगेत होते. धावत पोचले तेव्हा कडूकाका आधीच तिथे होते. त्यांनीच त्याला उचललं. तो त्यांच्या हातातच गेला.

पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, मयताचा निष्काळजीपणा. यार्डाचे मालक साबळेसाहेब म्हणाले, कॉम्प्रेसर जुना होता, शिवाय हिराजीने नियम पाळले नाहीत. फुटलेलं यंत्र त्यांनी घाईघाईने भंगारात काढलं. रंजनावहिनी मला एवढंच म्हणाल्या, "हर्षाली, तुमच्या यार्डात इतकी वर्षं काम केलं त्यांनी. पानासुद्धा पुसून ठेवणारा माणूस. त्यांचा निष्काळजीपणा?"

मी घासलेला डबा त्यांच्या हातात दिला.

कडूकाका आमचे हेडमेकॅनिक, आणि माझे गुरू. आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड करून मी बाहेर पडले तेव्हा मुलीला यार्डात उभं करायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी माझ्या हातात गॅसचा दाब मोजायचं गेज दिलं, वाचायला सांगितलं आणि साबळेसाहेबांना म्हणाले, "हिचा हात थरथरत नाही. मला तेवढंच बघायचं असतं." काकांची मुलगी वैजयंती, आमची वैजू, शाळेत माझ्या बाकावर बसायची. तिच्या घरी मी जेवढी जेवलेय तेवढी माझ्या मामाकडेही जेवले नसेन. त्या दिवसांत ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. तिच्या नवऱ्याचं, निकेशचं, पनवेलला एसीच्या सुट्या भागांचं आणि गॅसचं दुकान होतं.

काही दिवसांनी मुंबईहून सरकारी खात्यातल्या एक बाई आल्या. मोहिले मॅडम. ओझोनच्या कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याकडे होती. साबळेसाहेबांना वाटलं, वर्गणी मागायला कुणी आलंय. मग ओळखपत्र बघून खुर्ची पुसून दिली.

"स्फोट झाला त्या कंटेनरमध्ये गॅस कुठला होता?" मॅडमनी विचारलं.

"नेहमीचाच. अधिकृत विक्रेत्याकडचा," साबळेसाहेब म्हणाले. "पण मॅडम, आभाळाला भोक पडण्याचा आणि माझा माणूस मरण्याचा काय संबंध?"

"तोच सांगायला आलेय." मॅडम आम्हा सगळ्यांकडे वळल्या. "पूर्वी तुम्ही जो गॅस भरायचात, त्याने वरचा ओझोनचा थर विरतो म्हणून कायद्याने तो बंद केला. नवा गॅस महाग आहे. मग काही लोक काय करतात, चोरून आणलेला जुना गॅस घेतात, त्यात एक स्वस्त विषारी रसायन मिसळतात, आणि नव्या गॅसच्या नावाच्या सिलिंडरमध्ये भरून विकतात. बाहेरून ओळखू येत नाही. गेजवर दाबही सारखाच दिसतो. पण ते रसायन कॉम्प्रेसरच्या आतलं ॲल्युमिनियम खात राहतं. काही आठवड्यांत आत असं काहीतरी तयार होतं, की त्याला हवा लागली की पेट घेतं. यंत्र चालू असेपर्यंत काही होत नाही. ते उघडणारा माणूस मरतो."

मी कडूकाकांकडे पाहिलं. ते खाली बघून एका जुन्या वॉशरवरचा गंज नखाने काढत होते.

जाताना मॅडमनी मला बाजूला घेऊन आपला नंबर दिला. "यार्डात तू एकटीच मुलगी दिसतेस म्हणून नव्हे. मी बोलत होते तेव्हा तू एकटीच घाबरलेली दिसलीस, म्हणून."

त्या गेल्या आणि मला आयटीआयमधला जुना दिवा आठवला. पितळेचा, हातात धरायचा, पूर्वी गळती शोधायला वापरायचे तो. त्याची ज्योत निळी जळते. क्लोरीन असलेला गॅस तिच्यापाशी नेला तर ती हिरवी होते. नव्या गॅसमध्ये क्लोरीन नसतं, म्हणून तो दिवा आता कुणी वापरत नव्हतं. तो आमच्याही शेडमध्ये कुठेतरी पडलेला असणार होता. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी तो भंगार पाइपांखालून काढला, शेडच्या मागे उघड्यावर नेऊन पेटवला. नव्या गॅसचं नाव असलेला अर्धा सिलिंडर कोपऱ्यात होता. त्याची नळी मी जेमतेम सैल केली.

ज्योत हिरवीगार झाली.

मागून एक हात आला आणि त्याने दिवा विझवला. कडूकाका होते.

"दुसऱ्यांदा बघायची गरज नाही," ते म्हणाले. "मी बघितलंय."

"कधी?"

"हिराजीला जाळून आलो, त्याच संध्याकाळी."

मला आधी अर्थच लागेना. "मग आत्ता मॅडम विचारत होत्या तेव्हा…"

"खाली बस, बाय." ते स्वतः उकिडवे बसले. "हा माल निकेशने दिलाय. नेहमीच्या विक्रेत्याकडे गॅस नव्हता, सीझन तोंडावर, साबळे डोक्यावर बसलेला. मी निकेशला म्हटलं, आहे का तुझ्याकडे? तो म्हणाला, मुंबईचा एक जण देतो, माल एक नंबर आहे. मीच भरला तीन कंटेनरमध्ये."

"निकेशला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. नंतर मी सांगितलं. तर म्हणतो, बाबा, गप्प बसा, कुणाला कळणार नाही."

"तीन कुठले?"

"एक हिराजीने खोलला तो. एक तो, पलीकडच्या रांगेत शेवटी उभा आहे, द्राक्षं भरलेला. तिसरा केव्हाच गेला. युरोपला. आता पोचत आला असेल."

"काका, तिकडे तो रिकामा झाला की कुणीतरी तपासायला घेईल. आपण घेतो तसंच."

"घेईलच असं नाही."

"काका!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांचे डोळे असे पाहिले नव्हते. "वैजूला आज-उद्या कळा सुरू होतील. डॉक्टर म्हणालेत, रक्तदाब वाढू देऊ नका. तिच्या नवऱ्याला बेड्या पडलेल्या तिने बघायच्या? तिचं होऊ दे. मग मी स्वतः जाऊन सांगतो. तुला माझी शपथ आहे."

मी शपथ घेतली नाही आणि नाहीही म्हणाले नाही. घरी गेले. आईने वाढलेलं पान तसंच ठेवून उठले. वैजूला फोन लावला, तर ती बाळाच्या दुपट्याला कुठला रंग बरा ते विचारत बसली. मी म्हटलं, पिवळा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. यार्डात निम्मीच माणसं. तो द्राक्षांचा कंटेनर संध्याकाळी बंदरावर जायचा होता. मी ठरवून आले होते, की कडूकाकांना पुन्हा एकदा सांगायचं, आणि नाहीच ऐकलं तर त्यांच्यासमोर मॅडमना फोन करायचा. पण ते भेटले ते वेगळ्याच मूडमध्ये. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. ड्रायव्हर लोकांना स्वतःच्या पैशाने चहा-भजी खायला नाक्यावर पाठवलं. वॉचमनला सांगितलं, गेटबाहेरच थांब, कंटेनर न्यायला ट्रॉली येतेय ती अडव. शेवटच्या रांगेतला बाजूचा ट्रेलरही त्यांनी लांब नेऊन लावायला सांगितला.

"तू पण जा," मला म्हणाले. "वैजू एकटी आहे घरी. तिच्यापाशी बस. आणि हे घे." त्यांनी आपले चामड्याचे हातमोजे आणि चष्मा माझ्या हातात ठेवला. "तुझे फाटलेत."

"आणि तुम्ही काय घालणार?"

"माझं झालंय आता. मला काय खोलायचंय."

मी गेटपर्यंत गेले. पिशवीत हातमोजे ठेवताना सहज मागे पाहिलं. शेवटच्या कंटेनरच्या यंत्राचा पत्रा काढून खाली ठेवलेला होता, आणि कडूकाका हातात मोठा पाना घेऊन त्याच्याकडे चालले होते.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुरावा. तो अर्धा सिलिंडर कुणीही कुठूनही आणला म्हणता आलं असतं; यंत्रात भरलेल्या गॅसचा यार्डात एवढा एकच पुरावा उरला होता, आणि तो हा माणूस हवेत सोडून देणार होता. मग हिराजीदादाचा निष्काळजीपणा कायमचा. मी पिशवी टाकली आणि धावले.

"थांबा!"

ते थांबले नाहीत. मी त्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये शिरले, व्हॉल्व्हवर दोन्ही हात ठेवले आणि पाठ टेकून उभी राहिले. यंत्र उन्हाने तापलं होतं.

"बाजूला हो, बाय."

"नाही. पुरावा घालवायला निघालात?"

ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. तसंच समज. बाजूला हो."

"हिराजीदादाला तुम्ही उचललंत, काका. तुमच्या हातात गेला तो. रंजनावहिनींच्या घरी पोलिसांचा तो कागद आहे, त्यावर लिहिलंय की चूक त्याची. तो कागद तसाच राहू देणार तुम्ही?"

"मला शिकवू नकोस!" ते ओरडले. ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. "गेज कसं धरायचं ते मी शिकवलंय तुला. आज एकदा, फक्त एकदा, माझं ऐक. घरी जा."

मी एक हात व्हॉल्व्हवर ठेवून दुसऱ्या हाताने फोन काढला. मॅडमनी लगेच उचलला. मी सांगत गेले. गॅस कुठून आला, कुणी भरला, किती कंटेनरमध्ये. कडूकाका ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातून फोन हिसकावला असता तर मी काही करू शकले नसते. त्यांनी तसं केलं नाही. पाना हातातून गळाला आणि ते तिथेच डांबरावर बसले.

"मॅडम विचारतायत, युरोपला गेलेल्या कंटेनरचा नंबर काय," मी म्हटलं.

त्यांनी तोंड फिरवलं.

"काका, तिथेही कुणाचा तरी जेवणाचा डबा असेल."

शेवटी त्यांनी एकेक अक्षर, एकेक आकडा सांगितला. मी तो फोनवर पुन्हा म्हटला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "आम्ही तिकडे कळवतो. तोवर तिथे कुणीही काहीही उघडू नका. ऐकतेयस ना? उघडू नका."

पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. कंटेनरला सील लागलं. द्राक्षं दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवली. निकेशला दुकानातून उचललं. त्याने कोठडीत तोंड उघडलं तेव्हा कळलं, की तसलेच सिलिंडर त्याने दोन गॅरेजना आणि एका इस्पितळालाही विकले होते. तिथेही माणसं पाठवून ते ताब्यात घेतले गेले. कडूकाकांवरही गुन्हा दाखल झाला, जामीन मिळाला. यार्डाला काही महिने टाळं लागलं. रंजनावहिनींच्या घरातला तो कागद मात्र बदलला. नवा कागद त्यांनी देवघरात ठेवलेला मी पाहिला.

वैजूला त्याच आठवड्यात मुलगी झाली. मी दवाखान्यात गेले. बाळ तिच्या कुशीत होतं, पिवळ्या दुपट्यात. वैजूने माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघत म्हणाली, "त्याला बाळाचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. तुला थोडं थांबता आलं नाही, हर्षा?"

मी आणलेली खीर टेबलावर ठेवून परत आले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बाजारात समोर आली तर रस्ता ओलांडायची.

खटला रखडत राहिला. ज्याने ते सिलिंडर भरून बाजारात आणले तो मुंबईचा माणूस सापडलाच नाही. निकेश काही महिन्यांनी सुटला, पण दुकान गेलं, नाव गेलं. तो प्यायला लागला आणि पुढे वैजू मुलीला घेऊन कायमची बापाकडे राहायला आली. मी आयटीआयमध्ये शिकवायला लागले. माझ्या वर्गात आता मुलीही असतात.

बऱ्याच वर्षांनी, गेल्या थंडीत, शेजारच्या मुलाकरवी निरोप आला, कडूकाकांनी बोलावलंय. फुप्फुसं गेली होती त्यांची. दार वैजूने उघडलं, पलंगाकडे बोट केलं आणि आत निघून गेली.

काका वाळून काटकुळे झाले होते. नाकात नळी होती. मला बघून त्यांनी उशीवर थोडं सरकायचा प्रयत्न केला.

"शिकवतेस म्हणे."

"हो."

"चांगलं आहे." दम घेऊन ते म्हणाले, "तुला एक विचारायचंय. त्या रविवारी मी काय करत होतो, असं तुला वाटतं?"

"गॅस सोडून देत होतात. पुरावा राहू नये म्हणून."

ते हसल्यासारखे झाले. मग खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. "बाय, तू मेकॅनिक आहेस ना? तो नट सैल केल्यावर काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? हिराजीला मी या हातांनी उचललं होतं."

मला तो रविवार आठवला. दाढी, इस्त्रीचा शर्ट, माझ्या हातात दिलेला चष्मा. सगळी माणसं लांब, ट्रेलरसुद्धा लांब.

"काका…"

"मेलेल्या माणसाला कोण काय विचारणार? चिठ्ठीत तसं लिहून ठेवलं होतं, कडूने गॅस आणला, कडूने भरला. आणि कडू गेला. प्रकरण मिटलं. निकेशचं नाव कुठेच आलं नसतं, मी गेल्यावर तूही घेतलं नसतंस. हिराजीवरचा डागही गेला असता. सगळं नीट जुळवलं होतं मी." त्यांनी डोळे मिटले. "फक्त तिसरा कंटेनर मी डोक्यातून काढून टाकला होता. तो माझ्याबरोबरच गेला असता. नंबर फक्त मला माहीत होता. इतकी वर्षं तेच टोचतं. मी माझा जीव द्यायला निघालो होतो, आणि त्याच्याबरोबर कुणा दुसऱ्याचा देत होतो. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं."

"तो वाचला, काका. मॅडमनी मला नंतर सांगितलं. तिथल्या यार्डात एकाने पत्रा काढून ठेवला होता. पान्याला हात घालणार, तेवढ्यात निरोप पोचला."

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

"विचारायचंस," ते म्हणाले.

दारात आवाज झाला. वैजू उभी होती. हातात औषधाचा चमचा होता आणि त्यातलं औषध तिच्या मनगटावरून ओघळत होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

"हे तुला माहीत होतं?" तिने मला विचारलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती.

"नाही गं. आत्ता कळतंय."

ती बापाकडे वळली. "तुम्ही मला विचारलंत, बाबा? निकेश हवा की तुम्ही, हे मला विचारलंत?"

काकांनी डोळे उघडले. "विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

वैजूने चमचा खाली ठेवला. ती त्यांच्या पायांशी पलंगावर बसली. त्यांच्या पावलांवरचं पांघरूण सरकलं होतं, ते तिने वर ओढलं, आणि त्यावर हात ठेवून ती तशीच बसून राहिली. मी उठून निघाले तेव्हाही तिचा हात तिथेच होता.